जोडबिस्किटातील पाण्याचा हिशेब

१. एक साधा प्रश्न

जबलपूरला गेलेला प्रवासी मदन महलची टेकडी पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे येथे एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात, आणि गोंड राजांच्या काळातील लहानसा महाल अशाच एका धोंड्यावर उभा आहे. वैशाखातील एखाद्या दिवशी सूर्यास्तानंतर तासाभराने या खडकावर तळहात ठेवून पाहावा. हवा थोडी निवलेली असते. खडक मात्र तापलेलाच असतो. दिवसभर साठविलेली उष्णता तो आता सावकाश परत देत असतो. बिस्किटे भाजणारी विटांची भट्टी नेमके हेच काम करते. सरपणाची आग विझल्यावरही तिच्या विटा तापलेल्या राहतात आणि त्या उष्णतेवर बिस्किटांचे एकामागून एक पत्रे भाजून निघतात.

जबलपुरात मराठी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून राहत आली आहेत. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. या घरांतून दिवाळीत करंज्या, शंकरपाळे आणि चिरोटे होतात. तूप, साखर आणि पीठ देऊन भट्टीवरून नानखटाई भाजून आणण्याची चालही मराठी घरांना अपरिचित नाही. अलीकडे अनेक घरांत विजेची लहान भट्टी आली आणि तिच्याबरोबर नवे पदार्थही आले. त्यांपैकी एक म्हणजे ओटची जोडबिस्किटे. दोन मऊसर बिस्किटांच्या मध्ये गोड क्रीमचा थर घालून ती चिकटवितात. हा पदार्थ मूळचा अमेरिकेतील होय. तेथे ओ. डी. मॅकी यांनी १९३५ साली अशी बिस्किटे विक्रीस आणली, आणि पुढे १९६० पासून ती 'लिटल डेबी' या नावाने विकली जाऊ लागली.

घरी ही बिस्किटे करणाऱ्याला एक अडचण हमखास येते. भट्टीतून काढलेली बिस्किटे निवल्यावर चांगली खुसखुशीत असतात. सकाळी त्यांत सारण भरून ती मुलाच्या डब्यात ठेवावीत, तर मधल्या सुटीपर्यंत ती लिबलिबीत झालेली असतात. सारण घरच्या सायीचे असेल आणि दिवस उन्हाळ्याचे असतील, तर त्यास आंबूस वासही येऊ लागतो. सामान उत्तम होते, भाजणी नीट झाली होती. मग चुकले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. बिस्कीट हा कोरडा पदार्थ आहे असे आपण म्हणतो, परंतु त्यात पाणी असतेच. ते किती आहे, कोणत्या घटकाने धरून ठेवले आहे आणि कोणत्या दिशेने सरकू पाहत आहे, हे एकदा समजले म्हणजे या पदार्थाची सारी कृती आपोआप उलगडते. प्रस्तुत पाठात आपण हाच हिशेब मांडणार आहोत.

२. ओट आणि ओटचे पोहे

ओट हे गवताच्या कुळातील धान्य आहे. हिंदीभाषक प्रदेशात त्यास जई म्हणतात. थंड हवेत ते चांगले येते, म्हणून आपल्याकडे ते रब्बीचे पीक आहे. आणि ते मुख्यतः गुरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी पेरले जाते. १९६४ साली जबलपूर येथे स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात चाऱ्याच्या ओटवर दीर्घ काळ संशोधन झाले असून, 'जेओ-१' यासारख्या जाती तेथूनच शेतकऱ्यांना मिळाल्या. म्हणजे जे धान्य आपण डब्यातून विकत आणतो, त्याचा हिरवा अवतार जबलपूरच्या शिवारात उभा असतो. मात्र येथे एक सूचना आवश्यक आहे. पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्यास पुष्कळदा बुरशीनाशक लावलेले असते. असे बियाणे दळून किंवा भाजून कधीही खाऊ नये.

ओटच्या दाण्यावर चिवट टरफल असते. ते काढल्यावर जो गर उरतो त्यात गव्हापेक्षा स्निग्धांश अधिक असतो, आणि त्या स्निग्धांशाचे विघटन करणारे लायपेज नावाचे विकरही असते. दाणा अखंड असेपर्यंत या दोहोंची गाठ पडत नाही. दाणा फुटला की ती पडते आणि पीठ लवकरच कडवट होते. म्हणून कारखान्यात टरफल काढलेल्या दाण्यास प्रथम वाफ देतात. वाफेच्या उष्णतेने हे विकर निष्क्रिय होते. त्यानंतर मऊ झालेला दाणा रुळांमधून काढून चपटा करतात आणि वाळवितात.

मराठी वाचकास ही क्रिया नवी वाटणार नाही. भात भिजवून, भाजून व कांडून आपण पोहे करतो. ओटच्या चकत्या म्हणजे एका परीने ओटचे पोहेच होत. पोह्यांप्रमाणेच त्या अर्धवट शिजलेल्या असतात आणि पाणी झपाट्याने शोषून घेतात. या शोषणात बीटा-ग्लुकन नावाच्या तंतुमय पदार्थाचा मोठा वाटा असतो. तो पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. ओटच्या लापशीला जो दाटपणा येतो तो प्रामुख्याने त्याचाच. हा गुण लक्षात ठेवावा. पुढे हिशेबात तो पुन्हा येणार आहे.

ओटमध्ये गव्हासारखे ग्लुटेन तयार होत नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले म्हणजे त्यातील प्रथिनांचे लवचिक जाळे बनते. पोळी लाटता येते ती या जाळ्यामुळे. ओटच्या पिठाची पोळी फाटते. म्हणून नुसत्या ओटचे बिस्कीट हातात घेताच भुगा होते, आणि त्यास बांधून ठेवण्यासाठी थोडे गव्हाचे पीठ मिसळावे लागते. साहजिकच ज्यांना सीलिअक विकारामुळे गहू वर्ज्य आहे त्यांनी ही बिस्किटे खाऊ नयेत. शुद्ध ओट अशा बहुतेक रुग्णांना सोसतो, परंतु बाजारातील साध्या ओटमध्ये गव्हाची भेसळ अजाणता झालेली असू शकते, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे.

३. पिठातील पाणी

बारा जोडबिस्किटांसाठी, म्हणजे चोवीस सुट्या बिस्किटांसाठी, पुढील प्रमाण योग्य ठरते: ओटच्या चकत्या १५० ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम, लोणी ११० ग्रॅम, चिरलेला किंवा भुकटीचा गूळ ७० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, दही ३० ग्रॅम, खाण्याचा सोडा २ ग्रॅम, मीठ १ ग्रॅम, आणि आवडीनुसार जायफळ किंवा दालचिनीची पूड. लोणी म्हणजे येथे बाजारातील बिनमिठाचे बटर समजावे. घरच्या ताकावरच्या लोण्यात पाणी अधिक व अनिश्चित असते.

या मिश्रणाचे वजन सुमारे ५४३ ग्रॅम भरते. आता त्यात पाणी किती ते पाहू. वेगळे पाणी आपण मुळीच घातलेले नाही. तरी प्रत्येक जिन्नसाबरोबर ते आलेलेच आहे. ओटमध्ये सुमारे दहा टक्के आर्द्रता धरली तर १५ ग्रॅम; मैद्यात बारा टक्क्यांच्या हिशेबाने १४ ग्रॅम; बटरमध्ये सोळा टक्क्यांच्या हिशेबाने १८ ग्रॅम; दह्यात सुमारे २६ ग्रॅम; आणि गुळात ३ ग्रॅम. एकूण ७६ ग्रॅम, म्हणजे मिश्रणाच्या सुमारे चौदा टक्के. पोळीच्या कणकेत पाणी चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. यावरून या दोन पिठांतील फरक स्पष्ट होईल.

कृती अशी. लोणी, साखर व गूळ प्रथम हलके होईपर्यंत फेटावे. साखरेच्या टोकदार कणांमुळे लोण्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकतात. पुढे भट्टीत हेच बुडबुडे फुगतात. त्यात दही घालावे. ओटपैकी निम्मे जाडसर दळून घ्यावेत आणि निम्मे तसेच ठेवावेत. मैदा, सोडा, मीठ व मसाला एकत्र चाळून ओटसह मिश्रणात घालावा आणि केवळ एकजीव होईपर्यंतच मिसळावे. येथे मळण्याचा मोह आवरला पाहिजे. मळले तर ग्लुटेनचे जाळे घट्ट होईल आणि बिस्कीट चिवट बनेल. शंकरपाळ्यांच्या पिठात गरम तुपाचे मोहन घालण्यामागे हेच तत्त्व आहे. स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांवर पातळ लेप चढवितो आणि पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचू देत नाही. जाळे तुटक राहते आणि पदार्थ खुसखुशीत होतो.

यानंतर मिश्रण झाकून अर्धा तास थंड जागी ठेवावे. या अर्ध्या तासात वरवर पाहता काहीच घडत नाही. प्रत्यक्षात मात्र ओट दह्यातील पाणी शोषून घेत असतात. ही विश्रांती न देता भाजलेली बिस्किटे पत्र्यावर पातळ पसरतात, कारण मोकळे पाणी आणि वितळलेले लोणी मिळून मिश्रण प्रवाही करतात. कच्चे मिश्रण चाखून पाहू नये. कच्च्या पिठातही रोगकारक जंतू असू शकतात, आणि ते भाजल्यावाचून मरत नाहीत.

४. भट्टीत काय घडते

मिश्रणाचे सारखे चोवीस गोळे करावेत. प्रत्येक सुमारे २२ ग्रॅमचा होईल. ते तूप लावलेल्या पत्र्यावर अंतर राखून ठेवावेत, किंचित दाबावेत आणि १७५ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत अकरा ते तेरा मिनिटे भाजावेत. विजेची भट्टी नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरून, त्यावर तिवई ठेवून व घट्ट झाकण घालून ती पंधरा मिनिटे आधी तापवावी. मदन महलच्या खडकाप्रमाणे मिठाचा थरही उष्णता साठवितो आणि सावकाश देतो. अशा कढईतील तापमान निश्चित नसल्याने वेळ डोळ्यांनीच ठरवावी लागते. कडा बदामी झाल्या आणि मध्यभाग अजून मऊ आहे, ही योग्य वेळ होय.

प्रथम लोणी वितळते, आणि गोळा सैल होऊन पसरू लागतो. लोण्याचा वितळण्याचा टप्पा ३२ ते ३५ अंशांच्या आसपास संपतो. त्याच सुमारास सोड्याची दह्यातील आम्लाशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटत असतो. उरलेला सोडा पुढे उष्णतेने विघटित होतो. त्यानंतर पाण्याची पाळी येते. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे, म्हणून तेथे शुद्ध पाणी ९९ अंशांच्या किंचित खालीच उकळते. बिस्किटातील पाण्यात साखर विरघळलेली असल्याने त्यास थोडे अधिक तापमान लागते. या वाफेने बिस्कीट फुगते, आणि वाफ निघून जाऊ लागली की त्याचा आकार कायम होतो.

पृष्ठभाग पुरेसा कोरडा झाल्याशिवाय त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. सारी उष्णता बाष्पीभवनातच खर्च होते. कोरडेपणा आला की मग रंग चढू लागतो. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि काही शर्करा यांच्या संयोगाने बदामी रंगाची व सुवासिक अशी अनेक द्रव्ये तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. खव्यास, पोळीवरील डागांस आणि भाजलेल्या शेंगदाण्यास येणारा रंग व वास यांतही हीच क्रिया असते. सोड्यामुळे मिश्रण किंचित अल्कधर्मी होते आणि ही क्रिया लवकर घडते. सोडा अधिक झाला तर बिस्कीट काळपट पडते व त्यास साबणासारखी चव येते.

आता पुन्हा तराजू हाती घेऊ. भट्टीत जाण्यापूर्वी २२ ग्रॅमहून थोडे अधिक असलेले बिस्कीट बाहेर येते तेव्हा साधारणपणे दोन ग्रॅमनी हलके झालेले असते. चोवीस बिस्किटांचे मिळून ४८ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले. मूळच्या ७६ ग्रॅमपैकी २८ ग्रॅम उरले. बिस्किटांचे एकूण वजन आता ४९५ ग्रॅम आहे. म्हणजे त्यांत पाणी सुमारे पावणेसहा टक्के राहिले. हा आकडा प्रत्येकाच्या भट्टीप्रमाणे थोडा बदलेल. वाचकांनी तो स्वतः वजन करून काढावा.

५. दोन करंज्यांचा धडा

येथवर आपण पाण्याचे प्रमाण पाहिले. परंतु केवळ प्रमाणावरून पाण्याची वागणूक कळत नाही. याचे उत्तम उदाहरण प्रत्येक मराठी घरात आहे. ओल्या नारळाची करंजी त्याच दिवशी खावी लागते. दुसऱ्या दिवशी तिची पारी मऊ पडते आणि सारणास वास येतो. सुक्या खोबऱ्याची व पिठीसाखरेची करंजी मात्र डब्यात पंधरा दिवस खुसखुशीत राहते. पारी एकच, तळणे एकच. फरक केवळ सारणात आहे. ओल्या नारळातील पाणी मोकळे असते. ते कोरड्या पारीत शिरते, आणि सूक्ष्म जंतूंनाही ते सहज मिळते.

पदार्थातील पाणी किती मोकळे आहे हे सांगणाऱ्या मापास जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ मानतात, आणि पूर्णतः कोरड्या पदार्थाची ०. साखर किंवा मीठ पाण्यात विरघळले म्हणजे पाण्याचे रेणू त्यांच्याशी गुंततात आणि जलक्रियता उतरते. साखरेच्या संपृक्त पाकाची जलक्रियता ०.८५ च्या आसपास असते, तर मिठाच्या संपृक्त द्रावणाची ०.७५. जंतूंची वाढ पाण्याच्या एकूण प्रमाणापेक्षा या मापावर अवलंबून असते, हे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने स्पष्ट झाले. बहुतेक जीवाणू ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत. स्टॅफिलोकोकस हा विषबाधा करणारा जीवाणू मात्र ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो. बहुतेक बुरशी ०.८० च्या खाली थांबतात. आपल्या पूर्वजांना ही संख्या ठाऊक नव्हती, परंतु लोणच्यातील मीठ आणि मोरांब्यातील साखर यांनी हेच काम शतकानुशतके केले आहे.

या मापाचा दुसरा नियम आपल्या प्रश्नास थेट लागू पडतो. दोन पदार्थ एकमेकांना लागून ठेवले असता पाणी अधिक जलक्रियतेकडून कमी जलक्रियतेकडे जाते, आणि दोन्हींची जलक्रियता समान होईपर्यंत जात राहते. नुकत्याच भाजलेल्या बिस्किटाची जलक्रियता बरीच खाली, ०.५ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. ताज्या क्रीमची मात्र जवळजवळ १ असते. त्यांना एकत्र आणले म्हणजे पाणी कोणत्या दिशेने धावेल हे सांगण्यास भविष्यवेत्ता नको.

६. सारण कसे असावे

यावरून सारणाची कृती ठरते. १०० ग्रॅम लोणी मऊ होईपर्यंत फेटावे. त्यात १२० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, ३० ग्रॅम दुधाची पूड व वेलदोड्याची पूड थोडी थोडी घालून ते शुभ्र व हलके होईपर्यंत पुन्हा फेटावे. दूध किंवा पाणी घालू नये. यास आपण क्रीम म्हणतो, तथापि ते दुधावरचे क्रीम नव्हे. लोण्यात अडकवलेली हवा आणि साखर होय.

हिशेब पाहा. या अडीचशे ग्रॅम सारणात बटरमधून व दुधाच्या पुडीतून मिळून सुमारे १७ ग्रॅम पाणी आले. म्हणजे प्रत्येक जोडबिस्किटाच्या वाट्यास दीड ग्रॅमहूनही कमी. ते साखरेने संपृक्त झालेले असते, आणि लोण्याच्या थरात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने विखुरलेले असते. त्याची जलक्रियता बिस्किटापेक्षा अधिकच असल्यामुळे काही पाणी बिस्किटात जाईल खरे. परंतु ते सारेच्या सारे गेले असे धरले, तरी दोन बिस्किटांतील पाणी पावणेसहा टक्क्यांवरून नऊ टक्क्यांपर्यंतही पोहोचत नाही. एका रात्रीत बिस्कीट किंचित मऊ होते, आणि या पदार्थात तेवढा मऊपणा हवाच असतो. ओटमधील बीटा-ग्लुकन हे आलेले पाणी धरून ठेवतो. त्यामुळे बिस्कीट ओले न लागता लुसलुशीत लागते.

याच्या जागी वीस ग्रॅम ताजे क्रीम भरले तर काय होईल? २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीममध्ये सुमारे दोन-तृतीयांश पाणी असते. म्हणजे वीस ग्रॅमात तेरा ग्रॅम. दीड ग्रॅमच्या ठिकाणी तेरा ग्रॅम! मधल्या सुटीतील लिबलिबीतपणाचे कारण यापेक्षा अधिक विशद करण्याची गरज नाही.

काही जण लोण्याऐवजी तूप वापरतात. तुपात पाणी जवळजवळ नसल्याने बिस्कीट अधिक दिवस खुसखुशीत राहते. नानखटाई टिकते तीही बहुतांशी याच कारणाने. पण तुपाचे सारण उन्हाळ्यात पातळ होऊन वाहते. पूर्वी बेकरीतून यासाठी सहज न वितळणारे वनस्पती तूप वापरीत. अर्धवट हायड्रोजनीकरणाने होणाऱ्या अशा तुपात ट्रान्स मेदाम्ले असत आणि ती हृदयास अपायकारक असतात, म्हणून भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व स्निग्ध पदार्थ यांतील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा दोन टक्क्यांवर आणण्यात आली आहे.

बिस्किटे पूर्ण निवल्याशिवाय सारण भरू नये. गरम बिस्किटातून वाफ निघत असते, आणि लोणीही वितळते. बंद डब्यात ठेवलेल्या गरम बिस्किटांवर हीच वाफ थंड होऊन पाण्याच्या रूपाने परत बसते, आणि भट्टीने केलेली सारी मेहनत व्यर्थ जाते.

७. उन्हाळा, डबा आणि साय

बिस्कीट मऊ पडणे ही रुचीची हानी आहे. क्रीम नासणे ही प्रकृतीची. दुसरी गोष्ट अधिक गंभीर असल्यामुळे तिचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

घरची साय अधिक सकस आणि शुद्ध, म्हणून मुलाच्या बिस्किटात तीच भरावी, असे आईला किंवा आजीला वाटणे स्वाभाविक आहे. या भावनेत वावगे काही नाही, आणि साय हा सकस पदार्थ आहे यातही शंका नाही. परंतु जे आपल्याला सकस ते जंतूंनाही सकस असते. सायीत पाणी मोकळे, प्रथिने व दुग्धशर्करा भरपूर. एप्रिल-मे महिन्यांत जबलपूरचे दुपारचे तापमान पुष्कळदा चाळीस अंशांवर जाते, आणि बंद डबा दप्तरात असतो. अनेक रोगकारक जीवाणूंना ३० ते ४० अंशांचे तापमान विशेष मानवते. अनुकूल स्थितीत त्यांची संख्या अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकते. हिशेब केला तर एकाचे सहा तासांत चार हजारांहून अधिक होतात.

शिवाय स्टॅफिलोकोकसने एकदा विष निर्माण केले की ते पुन्हा तापविण्याने सहज नष्ट होत नाही, आणि वासावरून किंवा चवीवरून ते ओळखता येईलच असेही नाही. हा जीवाणू माणसाच्या हातांवर व नाकात सामान्यतः आढळतो. म्हणून सारण भरण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत, आणि हातास जखम असेल तर ते काम दुसऱ्यावर सोपवावे.

नियम थोडक्यात असा. साय किंवा ताजे क्रीम घातलेला पदार्थ शीतपेटीबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असेल तर एका तासाहून अधिक नाही. अशी बिस्किटे घरी भरावीत आणि लगेच खावीत. डब्यासाठी लोण्या-साखरेचे सारण, तेही शक्यतो थंडीच्या दिवसांत. कडक उन्हाळ्यात बिस्किटे कोरडीच न्यावीत हे उत्तम. साय मुलाला द्यायची असेल तर ती सकाळी पोळीबरोबर द्यावी. प्रेम तेच राहते, धोका मात्र टळतो.

८. ओट आहे म्हणून पथ्याचे नव्हे

ओट आरोग्यास हितकर असल्याचे पुष्कळांच्या वाचनात आलेले असते. त्यातील बीटा-ग्लुकन रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास साहाय्य करतो ही गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली यासंबंधीचा दावा मान्य केला, तेव्हा दररोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन हे प्रमाण आधारभूत धरले होते. आता आपल्या बिस्किटाचा हिशेब करू. १५० ग्रॅम ओटमध्ये सुमारे चार टक्के, म्हणजे सहा ग्रॅम बीटा-ग्लुकन. बारा जोडबिस्किटांत वाटल्यास प्रत्येकी अर्धा ग्रॅम. तीन ग्रॅमसाठी सहा जोडबिस्किटे खावी लागतील. पण प्रत्येकात साखर व गूळ मिळून सुमारे २१ ग्रॅम आणि लोणी साडेसतरा ग्रॅम आहे! सहांमध्ये गोड १२५ ग्रॅम आणि लोणी १०० ग्रॅमहून अधिक झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाकाठी अशी साखर सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवण्याची शिफारस करते.

एतावता निष्कर्ष स्पष्ट आहे. हे जोडबिस्कीट सणासुदीचे पक्वान्न आहे, करंजीप्रमाणेच. ते एखादे खावे आणि आनंदाने खावे. कोलेस्टेरॉलसाठी ओट खावयाचे असतील तर त्यांची साधी लापशी किंवा भाज्या घालून केलेला उपमा बरा.

९. वर्गात करण्याजोगा प्रयोग

साहित्य: घट्ट झाकणाच्या तीन काचेच्या बरण्या, तीन लहान वाट्या, एकाच घाण्याची सारण नसलेली तीन बिस्किटे आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा तराजू.

पहिल्या बरणीत साध्या पाण्याची वाटी ठेवा. दुसरीत मीठ पाण्याने जेमतेम ओले करून ठेवा; न विरघळलेले मीठ दिसत राहिले पाहिजे. तिसरीत कढईत कोरडे भाजून पूर्ण निवविलेले तांदूळ ठेवा. प्रत्येक बिस्किटाचे वजन करून ते वाटीस न लागेल असे बरणीत उंचावर ठेवा आणि झाकण लावा. चार दिवस रोज ठराविक वेळी वजन करून तक्ता भरा.

पहिल्या बरणीतील बिस्कीट दररोज जड होत जाईल व मऊ पडेल. ते अधिक दिवस ठेवले तर त्यावर बुरशीही दिसेल. दुसऱ्या बरणीत मिठाच्या संपृक्त द्रावणामुळे हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. तेथील बिस्किटाचे वजन पहिल्यापेक्षा कमी वाढेल आणि काही दिवसांनी स्थिर होईल. तिसऱ्याचे वजन जवळजवळ तेवढेच राहील किंवा किंचित घटेल. पाणी बिस्किटास कोठेही लागले नव्हते, तरी ते हवेतून तेथे पोहोचले. श्रावणात उघड्या ताटलीतील बिस्कीट तासाभरात सादळते आणि वैशाखात ते कुरकुरीत राहते, याचे कारण विद्यार्थ्यांस यावरून आपोआप कळेल. प्रयोगातील बिस्किटे कोणीही खाऊ नयेत.

स्वयंपाकघर ही प्रत्येक घरातील पहिली प्रयोगशाळा आहे. तेथे तराजू आणि वही यांची जोड मिळाली, तर आजीच्या अनुभवात दडलेला नियम नातवाला संख्येत मांडता येतो, आणि नव्या पदार्थाला जुना नियम कोठे लागू पडतो हेही त्याला दिसू लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ओल्या नारळाची करंजी व ताज्या क्रीमचे जोडबिस्कीट यांत कोणते साम्य आहे?

२. लोण्याऐवजी तितकेच तूप घेतल्यास पिठातील एकूण पाणी किती ग्रॅमनी कमी होईल? त्याचा भाजण्यावर काय परिणाम होईल असे तुम्हाला वाटते?

३. भाजण्यापूर्वी २३ ग्रॅम वजनाचे बिस्कीट भाजल्यावर २१ ग्रॅम भरले. मिश्रणात १४ टक्के पाणी होते, तर भाजलेल्या बिस्किटात किती टक्के पाणी उरले?

४. तुमच्या घरी टिकाऊ म्हणून केले जाणारे तीन पदार्थ निवडा. प्रत्येकात पाणी कशाने बांधले आहे, अथवा कोणत्या उपायाने काढून टाकले आहे, ते लिहा.